काचेचे वजन, कारागिराचे मोल

आम्ही कापडाचे व्यापारी. सराफ्याशी आमचा संबंध लग्नसराईपुरता. तेव्हा मीनाकारीवर आम्ही लेखणी उचलावी, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु धंद्याचे काही धडे असे असतात की ते एका बाजारात शिकावे लागतात आणि दुसऱ्या बाजारात कामाला येतात.

गोष्ट घरातलीच आहे. आमच्या भाचीच्या लग्नात आम्ही तिला चांदीच्या जाळीचे झुमके घेतले होते. जाळीच्या घरांत निळा, हिरवा, लाल रंग भरलेला, पाठीमागे पत्रा नाही. उजेडासमोर धरले की जुन्या हवेलीच्या रंगीत काचेच्या खिडकीसारखे दिसत. दुकानदाराने सांगितले, "असली मीना आहे, पिढ्यान् पिढ्या टिकेल." आम्ही बोललेल्या भावात पैसे मोजले. आठ महिन्यांत लाल रंग तपकिरी पडला आणि एका घरातला हिरवा रंग नखाने सोलला गेला. भाची म्हणाली, "मामू, काच कधी अशी सोलते का?" या एका प्रश्नाने आम्हाला मीनाकारीचा अभ्यास करायला लावले. चौकशी केल्यावर कळले की, त्या झुमक्यांत मीना नव्हताच. रेझिन, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा रंग ओतून वाळवला होता.

मीना म्हणजे काच, हे आधी नीट समजून घ्यावे. वाळू, क्षार आणि सुहागा यांच्यापासून बनलेल्या काचेत धातूची भस्मे मिसळून रंग आणतात. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा व फिरोजी, मँगनीजने जांभळा, आणि उत्तम पारदर्शक लाल तर खुद्द सोन्याच्या अंशाने. ही काच कुटून, पाण्यात घोटून, धुऊन तिची भुकटी दागिन्यावर भरतात आणि साधारण ७५० ते ८५० अंश उष्णतेच्या भट्टीत मिनिट-दोन मिनिटे धरतात. काच वितळून धातूला धरते. ती उन्हाने उडत नाही, अत्तराने डागाळत नाही, नखाने सोलत नाही.

आपल्याकडे मीना बहुधा धातूच्या पाठीवर बसवतात. पाठ न ठेवता, नुसत्या तारांच्या चौकटीत काच धरून ठेवणे ही याच हुनरची सर्वांत अवघड पायरी आहे. युरोपात ती जुनी आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात 'मेरोद प्याला' म्हणून एक भांडे आहे. ते इ. स. १४०० च्या सुमाराचे असून त्यात अशा खिडक्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या रेने लालिक याने याच कामाचे दागिने करून मोठे नाव कमावले. फ्रेंच लोक या कामाला जे नाव देतात, त्याचा अर्थच उजेड आत येऊ देणे असा आहे.

काम कसे होते तेही थोडक्यात सांगतो. शुद्ध चांदीच्या किंवा सोन्याच्या तारेची जाळी करतात. तिचा डाख मीन्याच्या भट्टीत वितळणार नाही असा कडक लागतो. ओली भुकटी पिसाने किंवा कुंचल्याने एकेका घरात भरतात. घर लहान असेल तर पाण्याच्या ओढीनेच ती तिथे टिकून राहते. मोठ्या घरांना खाली अभ्रकाचा पापुद्रा लावतात. सोन्याच्या कामात तांब्याचा पातळ पत्रा लावून तो नंतर तेजाबात विरघळवता येतो. चांदीला हा मार्ग चालत नाही, कारण तेच तेजाब चांदीही खाते. भट्टीत काच आकसते, म्हणून पुन्हा भरायचे, पुन्हा भाजायचे, असे तीन-चार वेळा. मग घासून सपाट करायचे आणि शेवटची आच द्यायची. एक घर तडकले की सारी मेहनत पुन्हा. रेझिनवाला हेच काम एका दुपारी करतो. दोन्ही दागिने काचेच्या कपाटात शेजारी शेजारी ठेवले, तर गिऱ्हाइकाला फरक दिसत नाही. सगळा घोळ इथेच आहे.

कापडाच्या धंद्यात आम्ही हे डोळ्यांनी पाहिले आहे. औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) हिमरूचे काय झाले? हातमागावर सूत आणि रेशीम घालून विणलेल्या शालीच्या शेजारी यंत्रावरची तशीच दिसणारी शाल आली, दोन्हींना एकच नाव लागले आणि विणकर मागे पडला. पैठणीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी पॉवरलूमची साडी पैठणी म्हणून खपवणारे आहेतच. आम्ही स्वतः 'सेमी पैठणी' विकतो, हे कबूल करतो. मात्र बिलावर 'सेमी' लिहितो. स्वस्त माल विकणे हराम नाही. स्वस्त मालाला महाग मालाचे नाव देणे, हा गुन्हा आहे. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओला माल बाहेर काढणाऱ्या आपल्या प्रेषितांची (स.) हदीस कोणत्या मुस्लिम व्यापाऱ्याला माहीत नाही? भिजलेले धान्य वर ठेवावे म्हणजे घेणारा पाहील, हीच तर शिकवण आहे.

दुसरा मुद्दा वजनाचा. सोन्याच्या दागिन्यात मीना भरला की वजन वाढते. समजा, दागिना दहा ग्रॅमचा आहे आणि त्यात एक ग्रॅम मीना. सोन्याचा भाव हिशोबाला सोपा म्हणून तोळ्याला एक लाख धरू. २०२५ साली तो त्याच्याही वर गेला होता. पूर्ण वजनावर पैसे घेतले, तर एक ग्रॅम काचेचे दहा हजार रुपये झाले. हॉलमार्कच्या दागिन्याच्या बिलात सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता लिहावी लागते. तथापि २०२१ साली हॉलमार्कची सक्ती आली, तेव्हा कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिने त्यातून वगळले गेले. वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असलेल्या सराफांनाही सूट मिळाली. कायद्याची नजर जिथे पोहोचत नाही, तिथे ईमान पोहोचले पाहिजे. माप मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक संपूर्ण सूरह आहे, ती आपण नमाजमध्ये वाचतो आणि दुकानात विसरतो.

आता कोणी म्हणेल की हे सराफांनी पाहावे, आपल्या कारागिरांना यात काय? आमचे म्हणणे असे की, यात सर्वांत मोठी संधी आपल्या कारागिरांनाच आहे.

सोने महाग झाले की हलके दागिने मागितले जातात. हलक्या दागिन्यात पैसा धातूचा नसतो, हाताचा असतो. दहा ग्रॅम चांदीची जाळी आणि चिमूटभर काच यांची कच्च्या मालाची किंमत किती? जे मोल मिळते ते हुनरचे. भांडवल कमी आणि कसब जास्त, असा धंदा गरीब कारागिराला अल्लाहने दिलेली सवलतच म्हणावी. शिवाय चांदीचा दागिना, जाळी, बेलबुट्टी, तारे, अष्टकोन ही आपल्या मशिदींची आणि मकबऱ्यांची नक्षी आहे. प्राण्यांच्या आकृती काढण्याचा प्रश्नच येत नाही.

ही कला आपल्या मातीला परकीही नाही. उदगीरहून बिदर फार लांब नाही. तिथे महमूद गावानने १४७२ साली बांधलेल्या मदरशाच्या भिंतीवर आजही रंगीत चकाकणाऱ्या फरशा शिल्लक आहेत. ती झिलई म्हणजे मातीवर भाजलेली काचच. काच मातीवर भाजली तर फरशी होते आणि चांदी-सोन्यावर भाजली तर मीना. त्याच बिदरमध्ये जस्त-तांब्याच्या काळ्या धातूत चांदीची तार बसवणारे बिदरीचे उस्ताद आहेत. त्यांपैकी शाह रशीद अहमद कादरी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. निजामाचे जे दागिने केंद्र सरकारने १९९५ साली विकत घेतले, त्यांतल्या कित्येकांच्या पाठीवर मीना आहे. आपले आजोबा त्याच रियासतीचे रयत होते. जयपूरच्या मीनाकारीविषयी असे सांगतात की, राजा मानसिंगाने लाहोरहून शीख कारागीर आणून ती वसवली. त्याच परंपरेतले सरदार कुदरत सिंग यांना १९८८ साली पद्मश्री मिळाली. म्हणजे हुनर एका गावाहून दुसऱ्या गावी नेता येते. कोणीतरी आणावे लागते, इतकेच.

आणि बाजार? नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात पंजाबातून आणि परदेशातूनही भाविक येतात. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्यानंतर शहर किती वाढले ते आपण पाहिले. ते परत जाताना काहीतरी घेऊन जातात. नांदेडची म्हणून एखादी सुबक हलकी वस्तू आपण त्यांच्यासमोर ठेवली आहे काय? लातूरला गंजगोलाई आहे. १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तिचा आराखडा केला, सोळा रस्ते तिथे येऊन मिळतात, आणि तिथला सराफ बाजार सर्वांच्या परिचयाचा आहे. पण नांदेड-लातूरच्या सराफ्यात माडीवर काम करणारे हात पाहा. बरेचसे बंगालहून आलेले. त्यांचा आम्हाला हेवा नाही. रोजी अल्लाहची आहे आणि मेहनत त्यांची. प्रश्न आपल्या मुलांचा आहे. आपली मुले खाडी देशात जाऊन दुसऱ्याच्या भिंतींना रंग देतात आणि घरी हुनर शिकणे कमीपणाचे मानतात.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहेत. हा दागिना नाजूक आहे, हे खरे. आपटला तर तडकतो आणि दुरुस्ती कठीण असते. म्हणून अंगठी आणि बांगडीत तो घालू नये. झुमके, लोलक, नथीचा लहान भाग यांतच तो शोभतो. शिकायला वेळ लागतो, हेही खरे. म्हणूनच तो सहजासहजी नक्कल होत नाही. भांडवल कोण देणार, हा तिसरा आक्षेप. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सोनारकाम आहे. प्रशिक्षणाच्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. कर्जावर पाच टक्के व्याज आहे. ज्यांना व्याजाचा व्यवहार नको, त्यांनी कर्ज घेऊ नये. पण प्रशिक्षण आणि हत्यारे कोणी नाकारायला सांगितली आहेत?

राहिलेल्या भांडवलाचा मार्ग आपल्या शरीअतमध्येच आहे. पैसा व्यापाऱ्याचा, मेहनत कारागिराची, नफा ठरलेल्या हिश्श्याने वाटायचा. तोटा आला तर व्यापाऱ्याचा पैसा बुडाला आणि कारागिराची मेहनत. याला मुजारबत म्हणतात. आम्हा कापडवाल्यांसह किती व्यापाऱ्यांनी एखाद्या कारागिराशी असा लेखी करार केला आहे? आपण कारागिराला उचल देतो आणि त्या उचलीत त्याला आयुष्यभर बांधून ठेवतो. कारागीर मागे राहिला, यात आपलाही वाटा आहे, हे कबूल केल्याशिवाय सरकारला दोष देऊ नये.

आमची सूचना साधी आहे. नांदेड आणि लातूरच्या पाच-सात व्यापाऱ्यांनी मिळून चार होतकरू तरुण निवडावेत. त्यांना सहा महिने जयपूरला साधा मीना शिकायला पाठवावे. भट्टीची आच आणि रंगांचा क्रम हाताला बसल्याशिवाय बिनपाठीच्या कामाला हात घालू नये. परत आल्यावर एक विजेची लहान भट्टी घेऊन सामाईक कारखाना काढावा. जाळीत रंग भरण्याचे आणि घासण्याचे बारीक काम आपल्या भगिनी घरी करू शकतील. भाजणी मात्र कारखान्यातच व्हावी. घरी काम द्यायचे तर शिशाचा अंश नसलेलीच काच द्यावी आणि घासणी ओलीच करावी, म्हणजे मुलाबाळांच्या श्वासात धूळ जाणार नाही. त्यांची मजुरी नगावर ठरवावी आणि त्याच आठवड्यात द्यावी. घाम वाळण्याआधी मजुरी देण्याची ताकीद आपल्याला आहेच. आणि पहिल्या दिवसापासून बिलावर स्पष्ट लिहावे: भट्टीचा मीना की रेझिन, एकूण वजन किती, धातूचे वजन किती. चांदीसाठीही १ सप्टेंबर २०२५ पासून ओळख क्रमांकासह हॉलमार्कची ऐच्छिक सोय झाली आहे, तिचा लाभ घ्यावा. रेझिनचा मालही विकावा, गरीब मुलीला तोही हवा असतो. पण त्याच्या नावाने आणि त्याच्या भावाने.

नांदेडच्या उस्मानशाही मिलच्या भोंग्यावर एकेकाळी शहराचे घड्याळ चालत असे. मिल बंद पडली आणि तिच्यावर पोट असलेली माणसे पांगली. मोठा कारखाना कोणीतरी आणील, याची वाट पाहण्यात आपल्या दोन पिढ्या गेल्या. एक भट्टी, चार शागिर्द आणि खरे बिल, एवढ्यासाठी कोणाची वाट पाहायची?

भाचीच्या झुमक्यांची रिकामी जाळी आम्ही जपून ठेवली आहे. या कामात जो पहिला तरुण उतरेल, त्याला ती देऊ आणि तिची घरे खऱ्या काचेने भरून मागू. जाळी त्या आचेला टिकली नाही, तर नवी करून घेऊ. मजुरी तो म्हणेल ती, इन्शाअल्लाह.