उंबरठ्यावरचा दरवान

कोणाच्याही घरात शिरण्याआधी दारावर थांबायचे, सलाम करायचा आणि परवानगी मिळाली तरच पाऊल आत टाकायचे, हे आम्ही मुलांना लहानपणीच शिकवतो. इंटरनेटच्या तारेला मात्र हा अदब कोणी शिकवलेला नाही. मागच्या उन्हाळ्यात आम्हांला ते चांगलेच कळले.

हिंगणघाटच्या घरी अम्मी दुपारी एकट्याच असतात. एकदा त्या पाय घसरून पडल्या, म्हणून आम्ही अंगणात कॅमेरा बसवून घेतला. पुण्यात नोकरी करणारा थोरला मुलगा तिथून दादीवर नजर ठेवी. एके दिवशी त्याने सहज मित्राच्या मोबाइलवरून तपासले. कारखान्यातून आलेला पासवर्ड टाकताच आमचे अंगण समोर उघडले. दादी केस वाळवत बसल्या होत्या. त्याने मोबाइल पालथा घातला आणि लगेच फोन केला, "अब्बा, आधी कॅमेऱ्याची पिन काढा."

कॅमेरा बसवणाऱ्याने बाहेरून दिसावे म्हणून राउटरमध्ये वाट मोकळी करून दिली होती, पण पासवर्ड बदललाच नव्हता. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रामने अशाच साठेक ठरावीक पासवर्डांच्या जोरावर जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते.

पासवर्ड त्याच दिवशी बदलला आणि ती वाटही बंद केली. पण मुलगा म्हणाला, दारावर दरवान हवा. हा दरवान म्हणजे फायरवॉल : बाहेर आणि घर यांच्यामध्ये बसून ये-जा तपासणारा संगणक. नवा महाग पडला असता, म्हणून ईदला येताना त्याने नागपूरहून जुन्या सर्व्हरची लोखंडी पेटी आणली. भंगारात किलोच्या भावाने मिळाली.

अशा पेटीचे तोंड १९ इंच रुंद असते आणि उंची 'यू'मध्ये मोजतात. एक यू म्हणजे पावणेदोन इंच. घरासाठी एक यूची पेटी घेऊ नये. तिच्यात ४० मिलिमीटरचे इवले पंखे बसतात, आणि ते इतके वेगाने फिरतात की शेजारच्या खोलीत झोप लागत नाही. आमची पेटी दोन यूची आहे. तिच्यात ८० मिलिमीटरचे पंखे हळू फिरूनही भागते. आत घरच्याच जुन्या संगणकाचा बोर्ड बसवला. दोन तोंडांचे नेटवर्क कार्ड मात्र कमी उंचीचे घ्यावे लागले, कारण नेहमीचे कार्ड झाकणाला अडते.

सगळे मिळून ३० वॉट लागतात, म्हणजे महिन्याला बावीसेक युनिट. दीडशे वॉट खाणारा सर्व्हर तसाच चालवला असता, तर १०८ युनिट झाले असते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला जातो आणि जिनिंगच्या हंगामात रुईचे तंतू उडतात. म्हणून पेटी पत्र्याखाली ठेवली नाही, आणि पुढची जाळी दर महिन्याला ब्रशने झाडतो.

पेटीत 'ओपीएनसेन्स' हा फुकट मिळणारा प्रोग्राम घातला. बोर्डाचे एक तोंड आणि कार्डाची दोन, अशी तीन तोंडे झाली : एक बाहेरच्या तारेला, एक घरच्या वायफायला, एक फक्त कॅमेऱ्याला. कॅमेऱ्याला आता बाहेर बोलता येत नाही. मुलाला दादीला पाहायचे असेल, तर तो 'वायरगार्ड'च्या बंद वाटेने स्वतःची किल्ली घेऊन येतो. किल्ली नाही, तर प्रवेश नाही.

एवढे झाल्यावर आम्ही निर्धास्त झालो होतो. आठवड्याभरात अम्मींना फोन आला : बँकेचे खाते बंद होणार आहे, ओटीपी सांगा. त्यांनी आकडे वाचायला सुरुवातही केली होती, पण धाकटीने फोन काढून घेतला. बाहेरचा माणूस बोलण्यात गुंतवून आतूनच कडी काढायला लावतो, तेव्हा दरवान काय करणार?

म्हणून पेटीच्या वरच भिंतीवर अम्मींना दिसेल अशा मोठ्या अक्षरांत आम्ही दोन ओळी लिहून लावल्या आहेत : ओटीपी कोणालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच, तर क्षणही न दवडता १९३० वर फोन करायचा. कालच अम्मींनी शेजारच्या खालांना त्या वाचून दाखवल्या.