‘सिस्टीमने ठरवलं’ हे मला सांगू नका

भावांनो, साईटवर हल्ली एक वाक्य फार ऐकू येतं. "दादा, मी काय करू, सिस्टीमनेच नाव टाकलंय." शनिवारची पाळी कोणाची, पावसात परांचीवर कोण, जादा तास कोणाला नाहीत, सगळ्याला एकच उत्तर. जणू ही सिस्टीम आभाळातून पडली.

ती आभाळातून पडलेली नाही. तिला मी शिकवलंय.

मी सिव्हिलचा डिप्लोमावाला, इथे जर्मनीत साईट सुपरवायझर. आमच्याकडे पाळ्या लावायचं सॉफ्टवेअर आलं. कंपनीचं नाव लिहीत नाही. सुरुवातीचे काही महिने मी हाताने पाळ्या लावल्या आणि ते नुसतं बघत राहिलं. मी कोणाला विचारलं, कोण हो म्हणालं, कोण नाही, कोणी किती वेळात काम उरकलं. मग ते स्वतः नावं सुचवायला लागलं. काय सुचवलं? प्रत्येक शनिवारी तीच नावं. आपलीच.

कारण सोपं आहे. मशीन लर्निंग म्हणजे मशीनला नियम लिहून देत नाहीत. जुन्या नोंदी देतात, आणि त्यात जे पुन्हा पुन्हा दिसतं ते ती उचलते. शनिवार विचारला की इथले लोक "जमणार नाही" म्हणून मोकळे होतात. आपण? नवीन आलोय, एजंटचं देणं बाकी आहे, राहण्याचा परवाना नोकरीला बांधलेला, आणि तोंडावर नाही म्हणायची सवयच नाही. मशीनला देणं दिसत नाही, परवाना दिसत नाही. तिला दिसतो तुमचा होकार. म्हणून ती पुन्हा तुम्हालाच विचारते, तुम्ही पुन्हा हो म्हणता, ती आणखी पक्की होते.

आमच्यातल्या एकाने गावाकडे लेकीचं बारसं होतं, व्हिडिओवर बसायचं म्हणून एक शनिवार नाकारला. पुढे तापात दुसरा. त्यानंतर आठवड्यातल्या जादा तासांनाही त्याचं नाव वर येईना. शिक्षा कोणी केली नाही. तो यादीत खाली गेला, एवढंच. आणि मी? सुचवलेली यादी बघून ‘मंजूर’ दाबत राहिलो, कारण संध्याकाळी पाच वाजता तेच सोपं होतं. नाक्यावरचा मुकादमही गरीब माणूस हेरायचा, पण निदान त्याला चार शिव्या तरी घालता यायच्या.

काहीजण म्हणतात, काम मिळतंय ना, मग तक्रार कशाला? काम मिळण्याबद्दल तक्रार नाहीच. तुमची अडचण नोंदवून तिचा नियम बनवला आणि तुम्हाला विचारलंही नाही, याबद्दल आहे.

आता कायदा. आपल्या लोकांना किमान वेतन पाठ असतं, पुढचं नाही. इथल्या १९७२ च्या कामगार मंडळ कायद्यात कलम ८७ आहे. कामगाराच्या वागण्यावर किंवा कामावर नजर ठेवणारं यंत्र मालकाला बेट्रिब्सराटशी, म्हणजे कामगारांच्या निवडून आलेल्या मंडळाशी, ठरवल्याशिवाय लावता येत नाही. ‘आमचा तसा हेतू नाही’ ही सबब चालत नाही. यंत्र तसं करू शकतं, एवढं कोर्टाला पुरतं. २०२१ मध्ये त्यात भर पडली. एआय तपासायला मंडळ तज्ज्ञ बोलावू शकतं, खर्च मालकाचा. तासांची नोंद ठेवायला माझा विरोध नाही. ती ठेवलीच पाहिजे, असं इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने १३ सप्टेंबर २०२२ ला सांगितलंय, आणि ती आपल्याच बाजूची आहे. पण तासांसाठी घेतलेली नोंद माणसांची प्रतवारी लावायला वापरणं ही वेगळी गोष्ट.

अडचण अशी की आपण ज्या छोट्या कंपन्यांत राबतो तिथे बहुतेक वेळा मंडळच नसतं. पाच कायम कामगार असले की निवडता येतं. जर्मन पासपोर्ट लागत नाही. १९७२ पासून परदेशी कामगार उभाही राहू शकतो. आपल्यातले किती उभे राहिले? निवडणुकीच्या दिवशी आपण कॅन्टीनमध्ये डबा खात बसतो.

मंडळ नसलं तरी एक कागद हातात आहे. युरोपच्या डेटा कायद्याचं कलम १५: माझी कोणती माहिती ठेवली, कशासाठी वापरली, प्रत द्या. उत्तराला साधारण एक महिन्याची मुदत. कलम २२ म्हणतं, माणसावर मोठा परिणाम करणारा निर्णय नुसत्या मशीनवर सोडता येत नाही. घर भाड्याने घेताना ज्या शूफाच्या कागदामागे आपण धावतो, त्याच शूफाबद्दल ७ डिसेंबर २०२३ ला युरोपच्या न्यायालयाने म्हटलं की मशीनच्या गुणांवरच दुसऱ्याचा निर्णय बेतलेला असेल, तर ते गुण देणं हाच निर्णय. शनिवारच्या पाळीला हे लागतं का, यावर वकील भांडतील. पण ‘शेवटचं बटण सुपरवायझर दाबतो’ म्हणणाऱ्यांनी तो निकाल वाचावा. ते बटण मी कसं दाबतो, वर लिहिलंच आहे.

अर्ज लिहिता येत नसेल तर ‘फेअर इंटेग्रात्सिओन’च्या सल्ला केंद्रात जा. युरोपबाहेरून आलेल्या कामगारांना तिथे फुकट सल्ला मिळतो.

माझा अर्ज मी गेल्या सोमवारी दिला. बारसंवाल्यानेही दिला. पोस्टाची पावती दोघांनी जपून ठेवली आहे.