दुसरा पिचर तयार ठेवा

गेल्या हंगामात चिमूरकडे शालेय बेसबॉलचे सामने पाहायला गेलो होतो. सकाळपासून तीन सामने एकाच पोराने टाकले. दुपारी मोहाखाली डबा उघडला, तर पोरगा डाव्या हाताने जेवतोय. विचारले तर म्हणाला, "काही नाही जी सर, कोपर भरून आलं थोडं." तेवढ्यात त्याचे सर चौथ्या सामन्यासाठी त्याला हाका मारत आले.

त्या सरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. जिल्हा जिंकला तर विभाग, विभाग जिंकला तर राज्य. पुढे दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि नोकरीतले 5 टक्के आरक्षण. एवढे सगळे ज्याच्या हातावर, त्याच्या हातून चेंडू काढून घ्यायला छाती लागते.

पण बेसबॉल हा मुळात एका पिचरचा खेळच नाही. पहिला थकला की रिलीव्हर येतो. पंधरा-वीस चेंडू टाकतो, बहुतेकदा धावपटू बेसवर उभे असताना. आपल्याकडे या कामाला 'बदली' म्हणतात आणि पोराचे तोंड पडते. पनामातल्या कोळ्याच्या घरचा मारियानो रिवेरा 1995 साली यांकीज संघात सुरुवातीचा पिचर म्हणून चालला नाही. मग त्याला शेवटी टाकायला ठेवले. 2013 साली थांबला तेव्हा नावावर 652 सेव्ह, म्हणजे शेवटी येऊन राखलेले विजय, होते, आणि 2019 साली तो हॉल ऑफ फेममध्ये एकमताने गेला. असा मान त्याआधी कोणालाच मिळाला नव्हता.

आपल्या जवळचे उदाहरण भदोहीच्या रिंकू सिंगचे. ट्रकचालकाचा हा मुलगा भालाफेक करायचा. बेसबॉल माहीत नसताना 2008 साली टीव्हीवरच्या स्पर्धेत ताशी 140 किलोमीटरच्या आसपास चेंडू टाकून तो पहिला आला आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्याला करारबद्ध केले. खालच्या लीगमध्ये तो रिलीव्हर झाला. 2012 साली 39 सामन्यांत उतरला. नंतर कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि मेजर लीग राहूनच गेली. 2018 साली तो कुस्तीच्या रिंगणात गेला. त्याच्यावर निघालेल्या सिनेमात स्पर्धा आणि निवड आहे, कोपर नाही.

व्यावसायिकांचे हे हाल, तिथे आपली पोरे तेरा-चौदा वर्षांची. दगडाने आंबा पाडून त्यांचा हात आपसूक तयार झालेला असतो. आपण फक्त तो वापरून संपवतो. अमेरिकेतल्या नियमावलीत या वयाला दिवसाला जास्तीत जास्त 95 चेंडू आहेत, आणि 65 च्या वर गेले की चार दिवस विश्रांती. पिचिंग झाल्यावर त्याच पोराला कॅचर करू नका, असेही तिथे बजावले आहे. आपण तर ते हमखास करतो.

या हंगामात स्कोअरशीटच्या कडेला प्रत्येक पिचरचे चेंडू मोजून लिहा. सरावाचेही. आणि तो कागद आमच्याकडे पाठवा. शाळेचे नाव न घालता छापू.