पडदा भिंतीवर आला, वीजबिल कोण भरणार?

अक्कलकोट म्हटले की राज्याला मठ आणि अन्नछत्र आठवते. आम्हाला आठवतात ती कर्नाटकाला लागून असलेली तालुक्याच्या कडेची गावे. अनेक घरांत कन्नड, बाजारात दोन्ही भाषा, आणि जिल्हा परिषदेची शाळा कुठे मराठी तर कुठे कन्नड माध्यमाची. नोव्हेंबर 2022 मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी या कन्नडभाषक भागावर हक्क सांगितला, तेव्हा यातील काही गावांनी 'रस्ते-पाणी मिळणार नसेल तर आम्ही तिकडे जातो' असे सुनावले. मुंबईत अस्मितेचा गदारोळ झाला. गावांचे म्हणणे साधे होते, सुविधा द्या. डिजिटल शाळेचा विचार याच गावांत उभे राहून करायला हवा.

सोलापूर जिल्ह्याला या विषयात जगभर मान मिळालेला आहे. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जि. प. शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. पुस्तकातल्या क्यूआर कोडवर मोबाईल धरला की कविता ऐकू येते, धडा दिसतो, ही त्यांची कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही आली. पण पुरस्कार मोबाईलला मिळालेला नाही, तो शिक्षकाला मिळाला आहे. कोड छापणे सोपे, त्यामागे आपल्या वर्गातल्या मुलाला समजेल असा धडा तयार करणारा मास्तर लागतो. सत्ताधाऱ्यांनी कोड उचलला आणि मास्तर विसरले!

आता घराकडे पाहा. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार 2017-18 मध्ये ग्रामीण भारतात शंभरातील जेमतेम 4 घरांत संगणक आणि 15 घरांत इंटरनेट होते. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, खेड्यातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले 1 डिसेंबर 2021 ला. पावणेदोन वर्षे 'शाळा बंद, शिक्षण सुरू' चालले. 'असर'च्या 2021 च्या पाहणीत देशातील दोन तृतीयांश मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला, परंतु त्यातही दर चौथ्या मुलाच्या हाती तो येत नव्हता. येणार कसा? फोन बापाच्या खिशात कामावर जातो.

1927 साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात दाखवून दिले होते की, शाळेत येणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोचतात. आज पट भरलेला दिसतो. गळती वर्गात बसलेल्या मुलांची होते, म्हणून ती कागदावर येत नाही.

म्हणूनच आमचा आक्षेप तंत्रज्ञानाला नाही, ते कुणाच्या खर्चाने येते याला आहे. 2015 नंतर राज्यात डिजिटल शाळांची लाट आली ती बरीचशी लोकवर्गणीवर. ज्या गावात बागायत आहे तिथे प्रोजेक्टर आला. भूमिहीनांच्या वस्तीने काय द्यायचे? आणि ज्याने पैसे दिले, शाळेत त्याचाच शब्द चालणार, हे गाव ओळखणाऱ्याला सांगायला नको. शिवाय पडदा एकदा वर्गणीतून लागतो, वीजबिल दर महिन्याला येते. बिल थकले म्हणून शाळांची वीज तोडल्याच्या बातम्या राज्यभरातून येतच राहिल्या.

सीमेवर आणखी एक पेच आहे. कन्नड माध्यमाची पुस्तके बालभारती छापते, पण मोबाईलवर कन्नड धडा शोधला की सहज सापडतो तो कर्नाटकच्या अभ्यासक्रमाचा. पुस्तक एका राज्याचे, व्हिडिओ दुसऱ्याचा. मराठी शाळेत बसलेल्या कन्नड घरच्या पोराची अडचण तर याहून वेगळी. त्याला दोन्ही भाषा जाणणारा शिक्षकच लागतो, ते काम पडदा करू शकत नाही.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक ठेवले आहेत, निम्म्या महिला आणि वंचित घटकांना त्यांच्या प्रमाणात जागाही दिल्या आहेत. आपल्या वस्तीतील किती आया त्या समितीवर आहेत? कार्यकर्त्यांनी पुढच्या बैठकीत तीनच गोष्टी लेखी मागाव्यात: वीजबिल कुणाच्या नावे आणि किती थकले, शिक्षकांच्या मंजूर जागा किती व भरलेल्या किती, आणि शाळेला मिळालेले संगणक कुठल्या खोलीत कुलूपबंद आहेत.