बाळंतिणीची नोंद

गेल्या महिन्यात एका शब्बाथच्या रात्री, हबदाला आटोपल्यावर, आमच्या शेजारच्या इमारतीतील एक भगिनी आपल्या सात महिन्यांच्या गरोदर लेकीला घेऊन आमच्या घरी आल्या. हिब्रू कागद वाचून घेण्यासाठी आमच्याकडे येण्याचा आपल्या लोकांचा जुना परिपाठ आहे. परंतु या वेळी प्रश्न वाचण्याचा नव्हता. लेक याच देशात जन्मलेली, तिची हिब्रू आमच्याहून चांगली. प्रश्न वादाचा होता. बाळंतपणानंतर होणाऱ्या रक्तस्रावावर इस्पितळात काही संशोधन चालू आहे, त्यात भाग घ्याल काय, असे विचारणारा सहा पानी कागद तिला देण्यात आला होता. दोन औषधांपैकी अधिक गुणकारी कोणते, हे त्यात पाहावयाचे होते, आणि कोणत्या बाईला कोणते औषध मिळेल ते चिठ्ठी टाकून ठरणार होते.

"बाई, तुम्हीच सांगा हिला," आई म्हणाल्या. "माझी मुलगी म्हणजे काय प्रयोगाचा उंदीर आहे? आणि औषध डॉक्टरने ठरवायचे की चिठ्ठीने?"

लेक म्हणाली, "आई, तू कागद वाचलासच कुठे?"

आम्ही दोघींना चहा दिला आणि विचार करण्यास थोडा अवधी मागितला. त्या रात्री जे बोलणे झाले ते इतर घरांतही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून या महिन्याचे सदर त्यालाच वाहिले आहे.

प्रथम आईच्या बाजूने बोलणे आम्हांस उचित वाटते, कारण त्यांची भीती पोकळ नाही. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत गर्भपात टळावा म्हणून गरोदर स्त्रियांना डायइथिलस्टिल्बेस्ट्रॉल नावाचे औषध देण्यात येत असे. १९५३ साली शिकागोच्या विद्यापीठातील डॉक्टरांनी सुमारे १६०० स्त्रियांवरील तुलनेचा निष्कर्ष प्रसिद्ध केला, तो असा की या औषधाने गर्भ टिकण्यास काहीच मदत होत नाही. पण त्या स्त्रियांना, आपण एका प्रयोगात आहोत, हे सांगण्यातच आले नव्हते. पुढे त्यांपैकी काहींना त्यासाठी न्यायालयात जावे लागले. आणि निष्कर्ष छापून आल्यावरही इतर डॉक्टर ते औषध लिहून देतच राहिले. १९७१ साली असे उघडकीस आले की, ज्या मातांनी ते घेतले त्यांच्या काही मुलींना तरुणपणीच योनिमार्गाचा एक दुर्मिळ कर्करोग झाला. तेव्हा कुठे गरोदर स्त्रियांना ते देऊ नये असा इशारा अमेरिकन सरकारने दिला.

या कथेतून दोन धडे निघतात आणि दोन्ही घेतले पाहिजेत. स्त्रीला न सांगता तिच्यावर प्रयोग करणे हा अन्याय होय, हा एक. दुसरा असा की, ज्या हजारो स्त्रियांना हे औषध खासगी दवाखान्यांतून मिळाले त्या कोणत्याही प्रयोगात नव्हत्या. त्यांच्या डॉक्टरांनी ते औषध विश्वासाने दिले, चांगल्या हेतूने दिले. फक्त त्याची परीक्षा झाली आहे काय, हे पाहिले नाही. डॉक्टरने ठरवले म्हणजे भागले, असे आईंना वाटत होते. येथे डॉक्टरनेच ठरवले होते.

आता चिठ्ठीचे प्रयोजन. हे समजावताना आम्ही आमच्या वर्गातले उदाहरण दिले. गणित शिकवण्याची एखादी नवी रीत आम्ही 'अ' तुकडीत वापरली आणि जुनी रीत 'ब' तुकडीत ठेवली, व वर्षअखेर 'अ' तुकडीला गुण अधिक पडले, तर श्रेय कोणाचे? 'अ' तुकडीत मुळातच हुशार मुले बसवलेली असतील तर रीतीचा गुण कळणारच नाही. तुकड्या सारख्या करावयाच्या तर कोणते मूल कोठे बसेल हे शिक्षकाच्या मर्जीवर ठेवून चालत नाही; चिठ्ठ्याच टाकाव्या लागतात. डॉक्टरही माणूसच. ज्या बाईची त्याला अधिक काळजी, तिला तो आपल्या मते चांगले औषध देणार, आणि मग तुलना फसणार. दोहोंपैकी चांगले कोणते हे जेव्हा खरोखरच कोणालाही ठाऊक नसते, तेव्हाच अशी चिठ्ठी न्याय्य ठरते.

यावर आई म्हणाल्या, "हे सगळे गोऱ्या लोकांचे शास्त्र. आपल्याकडे बायका बाळंत होतच होत्या की."

होत होत्या हे खरे. आणि मरतही होत्या. त्या का मरतात, हा प्रश्न मुंबई शहरापुरता ज्यांनी शास्त्रोक्त रीतीने विचारला त्या बाई कोणी परक्या नव्हत्या. त्या आपल्या बेने इस्रायल समाजाच्याच डॉ. जेरुशा झिराड. त्यांचा जन्म १८९० साली शिमोग्याला झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या विलायतेस गेल्या आणि १९१९ साली लंडन विद्यापीठाची प्रसूतिशास्त्रातील एम. डी. पदवी मिळवून परतल्या. १९२८ पासून १९४७ पर्यंत त्या मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अधीक्षक होत्या. आपल्या जुन्या पिढीतील कित्येकांचा जन्म त्याच रुग्णालयात झालेला आहे. १९६६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. या मानसन्मानांचा उल्लेख आपल्या सभांतून वारंवार होतो; त्यांच्या एका कामाचा मात्र क्वचितच होतो. १९३७-३८ साली त्यांनी मुंबईतील मातामृत्यूंच्या कारणांची चौकशी केली आणि तिचा अहवाल १९४१ साली सरकारी मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला.

चौकशी म्हणजे काय, असे कोणी विचारील. तीत औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. एकेका मृत्यूमागे जाऊन विचारावयाचे, की ही बाई कशाने गेली? रक्त गेल्याने, तापाने, झटक्यांनी की अंगात रक्तच नसल्याने? मदत केव्हा मागितली आणि केव्हा मिळाली? "तिचे आयुष्य तेवढेच होते," या उत्तरावर न थांबणे, एवढेच त्या कामाचे मर्म. एकदा कारणे लिहून काढली, की त्यांतली टाळता येण्याजोगी किती, हे दिसू लागते. आणि पुढचे सारे संशोधन त्या यादीवरच उभे राहते.

त्या यादीतील रक्तस्रावाचेच पाहू. वार पडल्यावर गर्भाशय आकसले नाही तर धडधाकट बाई एक-दोन तासांत दगावू शकते. त्यावर ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचणारे शिकलेले माणूस लागते. खेडोपाडी ही दोन्ही कोठून यावी? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या ओळखीच्या मुलखातून आले. बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांत २००२ ते २००५ या काळात १६२० बाळंतिणींवर एक परीक्षा झाली. निम्म्यांना बाळ झाल्याबरोबर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या. कोणाला कोणत्या, हे चिठ्ठीवर. बाळंतपणे करणाऱ्या होत्या २५ नर्सबाई. ज्यांना नुसत्याच गोळ्या मिळाल्या त्यांच्यापैकी शंभरात १२ जणींना अर्धा लिटर वा अधिक रक्तस्राव झाला. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण शंभरात साडेसहाच्याही आत आले. २००६ साली हा निष्कर्ष जगापुढे आला आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी मिसोप्रोस्टॉल आवश्यक औषधांच्या यादीत घेतले. बेळगावकडच्या त्या १६२० बायांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. पण जगाच्या पाठीवर जेथे इंजेक्शन पोहोचत नाही, तेथील बाळंतीण त्यांची ऋणी आहे.

त्या परीक्षेत रक्त अंदाजाने नव्हे, तर बाळंतिणीखाली खुणा असलेले प्लास्टिकचे कापड अंथरून मोजले होते. ही साधी गोष्ट किती मोलाची आहे ते २०२३ साली स्पष्ट झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया या देशांतील ८० इस्पितळांत, दोन लाखांवर बाळंतपणांमध्ये, एक तुलना झाली. नेहमीच्या नजरेच्या अंदाजाने अतिरक्तस्राव शंभरातील ५१ जणींचाच वेळेवर ओळखला जात होता. कापडाने मोजल्यावर तो ९३ जणींचा ओळखला गेला. मोजताक्षणीच सर्व उपाय एकदम सुरू करण्याची शिस्त त्यास जोडल्यावर, तीव्र रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया आणि मृत्यू मिळून होणारी हानी साठ टक्क्यांनी घटली.

महाराष्ट्रातही फरक पडला आहे. एक लाख जिवंत जन्मांमागे तेथे २००१-०३ मध्ये १४९ माता दगावत असत; २०१८-२० मध्ये ही संख्या ३३ वर आली. याचे श्रेय एकट्या संशोधनाचे नाही. रस्ते, दवाखाने, मुलींचे शिक्षण यांचेही आहे. पण घट झाली हे तरी आपणांस कशावरून कळले? नोंद होती म्हणून.

मग सही करावी काय? आम्ही त्या मुलीला होकार सांगितला नाही, नकारही सांगितला नाही. आम्ही तिला चार प्रश्न लिहून दिले. या संशोधनात सहभागी न झाल्यास मला कोणते उपचार मिळतील? दोन्ही औषधांचे माहीत असलेले धोके कोणते? मध्येच माघार घेतली तर माझ्या शुश्रूषेत काही उणे पडेल काय? आणि अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची? ही उत्तरे देण्यास संशोधक बांधलेले आहेत. स्वेच्छेच्या संमतीवाचून माणसावर प्रयोग करू नये, हा नियम १९४७ साली न्यूरेंबर्ग येथे, छळछावण्यांतील डॉक्टरांना शिक्षा देतानाच लिहिला गेला. आपल्याच लोकांच्या देहांवर जे झाले त्यातून तो निपजला. १९६४ साली हेलसिंकीच्या जाहीरनाम्याने तो जगभरच्या डॉक्टरांपुढे ठेवला. येथील इस्पितळांत अशा संशोधनाला मंजुरी देणाऱ्या मंडळाला हेलसिंकी समिती म्हणतात ते त्यावरूनच; १९८० च्या सरकारी नियमांनी तिची मंजुरी सक्तीची केली आहे. तेव्हा कागद समजेपर्यंत सही न करणे हा उद्धटपणा नव्हे; तो आपला हक्क आहे.

त्या कागदात शेवटी एक प्रश्न होता. घरातील कोणा स्त्रीला बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला होता काय? लेकीने "नाही" लिहिण्यासाठी पेन उचलले. आई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझी थोरली मावशी. रेवदंड्याला. पहिल्याच बाळंतपणात गेली. दोन गोधड्या भिजल्या म्हणतात. आमच्या आईने कधी तिचे नाव घेतले नाही."

लेकीने ही मावशी-आजी आजवर ऐकलीही नव्हती. तिने पेन खाली ठेवले नाही. नाव विचारले, आणि त्या ओळीत सावकाश लिहिले.

पुढच्या आठवड्यात ती चारही प्रश्न घेऊन इस्पितळात गेली. उत्तरांनी तिचे समाधान झाले आणि तिने सही केली. समाधान झाले नसते व ती सही न करता परतली असती, तरी आम्हांस तितकाच संतोष वाटला असता. मावशी-आजीची नोंद मात्र दोन्ही परींनी तिच्या कागदात राहिलीच असती, आणि तिची बाळंतपणाची वेळ येईल तेव्हा डॉक्टर सावध असतील, हा लाभ काही लहान नव्हे.

बाळंतीण सुखरूप सुटली की आपण एलियाहू हान्नबीचा मलिदा करतो, आणि तो करावाच. त्या दिवशी घरच्या वडीलधाऱ्या स्त्रिया एकत्र जमतात. वाचक भगिनींनो, पुढच्या मलिद्याला त्यांच्याजवळ बसून एवढे विचारून ठेवा, की आपल्या घरात कोण बाळंतपणात गेली, कोणाला रक्त फार गेले, कोणाला झटके आले, कोणाची मुले अपुऱ्या दिवसांची झाली. मुलीच्या वहीत ते लिहून ठेवा आणि वही कुपत होलीमच्या डॉक्टरला दाखवा. सांगणाऱ्या आज आहेत. त्यांना विचारण्यास उशीर करू नये.