भिंगही मापाचेच हवे

घड्याळ दुरुस्त करणारा डोळ्याला भिंग लावतो, हिऱ्याची पारख करणारा जवाहीरही लावतो. त्यात कुणाला नवल वाटत नाही. पण बायपास करणारा सर्जनही तासन्‌तास भिंगातूनच पाहत असतो, हे बाहेर बाकावर बसलेल्या नातेवाइकांना सहसा ठाऊक नसते. चष्म्यावर बसवलेल्या या दोन छोट्या दुर्बिणींना ‘लूप’ म्हणतात. लूप कोणता घ्यावा, हा वरवर सर्जनचा खासगी प्रश्न. प्रत्यक्षात त्याचा संबंध टेबलावरच्या रुग्णाशी आहे.

हृदयाच्या ज्या धमनीवर बायपासचा जोड द्यायचा, तिची आतली रुंदी अनेकदा दीड ते दोन मिलिमीटर असते. तिला काही मिलिमीटरचा छेद घेऊन छातीतली किंवा पायातली रक्तवाहिनी तिथे शिवायची. दोरा ‘सेव्हन झीरो’ किंवा ‘एट झीरो’, म्हणजे डोक्याच्या केसाइतका किंवा त्याहून बारीक. सुईत चुकून मागची भिंतही आली, तर जोड तिथेच बंद पडू शकतो. आपल्याकडे मधुमेहाचे रुग्ण पुष्कळ, आणि त्यांच्या धमन्या बऱ्याचदा लांबवर खराब आणि अरुंद झालेल्या असतात. त्यात भारतात अनेक बायपास धडधडत्या हृदयावर केल्या जातात. नजर इथे हाताइतकीच महत्त्वाची.

ही गरज जुनीच. न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज ग्रीन यांनी 1968 मध्ये छातीतली धमनी हृदयाच्या धमनीला जोडली, ती सूक्ष्मदर्शकाखाली. पण छातीच्या खोल पोकळीवर सूक्ष्मदर्शक आणून हालचाल करणे अवघड. हलका, डोक्याबरोबर फिरणारा लूप बहुतेकांना सोयीचा वाटला आणि तोच रूढ झाला.

निवडीत पहिली चूक होते ती आकड्याची. जितके ‘एक्स’ जास्त, तितका लूप चांगला, असा समज तरुण डॉक्टरांमध्ये आढळतो. पण भिंगाची ताकद वाढली की दिसणारे क्षेत्र आक्रसते, स्पष्ट दिसण्याची खोली कमी होते, उजेड जास्त लागतो आणि वजनही वाढते. अडीच पटीच्या साध्या लूपमध्ये जोड, दोरा आणि साहाय्यकाची चिमटी एकत्र दिसते. साडेचार पटीच्या प्रिझम लूपमध्ये टाका मोठा दिसतो, पण डोके थोडे हलले की चित्र हरवते. धडधडणारे हृदय वर-खाली होते तेव्हा हे अधिकच जाणवते. म्हणून नवशिक्याने अडीच पटीपासून सुरुवात करून हात आणि नजर जुळल्यावर साडेतीनकडे जाणे शहाणपणाचे. नवजात बाळांच्या हृदयावर काम करणाऱ्यांची गरज वेगळी, ती त्यांनी अनुभवाने ठरवावी.

दुसरी, अधिक महागात पडणारी चूक मानेची. माणसाचे डोके सुमारे साडेचार-पाच किलोचे. ते पुढे झुकले की मानेच्या स्नायूंवर आणि मणक्यांवरचा ताण झपाट्याने वाढतो. त्यात लूपचे आणि कपाळावरच्या दिव्याचे वजन. लूपच्या नळ्या पुरेशा खाली कललेल्या नसतील, तर नजरेचे काम मानेला करावे लागते. हे दिवसाला चार-पाच तास आणि पंचवीस वर्षे चालले, तर काय होते ते हृदयशल्यचिकित्सकांच्या मानदुखीत दिसते. अनुभवाने हात सर्वांत सफाईदार झालेला असतो, नेमकी तेव्हाच मान साथ सोडते.

म्हणून लूप मापाने शिवलेल्या कपड्यासारखा घ्यायला हवा. दोन बाहुल्यांमधले अंतर, चष्म्याचा नंबर आणि डोळ्यापासून जखमेपर्यंतचे अंतर, ही तिन्ही मापे प्रत्येकाची निराळी. ती खुर्चीत बसवून घेऊ नयेत. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी, नेहमीच्या पद्धतीने उभे करून घ्यावीत. टेबलाची उंची मुख्य सर्जनच्या सोयीने ठरते. साहाय्य करणारी पाच फूट उंचीची निवासी डॉक्टर स्टुलावर उभी राहते, तिचे अंतर वेगळेच येते. काचेतच बसवलेला लूप हलका असतो, पण नंबर बदलला की कंपनीकडे पाठवावा लागतो. वर उचलता येणारा जड असतो, पण जुळवून घेता येतो. मात्र निर्जंतुक हात थेट त्याला लावता येत नाही, याची सोय आधी पाहावी.

इथेच सरकारी खरेदीची पद्धत अडते. एकाच मापाचे दहा नग, किमान दर, असे लूप मागवता येत नाहीत. मागवलेच तर ते कपाटात पडून राहतात. मग ‘ही वैयक्तिक वस्तू आहे’ असे म्हणून खर्च डॉक्टरवर सोडला जातो. निवासी डॉक्टर विद्यावेतनातून हप्ते भरतो, किंवा सीनियरचा जुना लूप नाकावर चढवून दुसऱ्याच्या मापातून शिकतो.

यावर आक्षेप ठरलेला: डॉक्टर उद्या बदलून गेला, तर सरकारच्या पैशाचे काय? आक्षेप गैर नाही, पण त्याला उत्तर आहे. ठरावीक वर्षे सेवा दिली तर लूप त्याचा, आधी सोडले तर उरलेली किंमत भरावी. शिकणाऱ्यांसाठी विभागाने जुळवून घेता येणारे काही लूप ठेवावेत. निविदेत नुसत्या दराबरोबर मापे घेण्याची, प्रत्यक्ष टेबलावर चाचणीची आणि नंबर बदलल्यास दुरुस्तीची अट घालावी. चाळिशी ओलांडलेल्या सर्जनची नेत्रतपासणी दरवर्षी व्हावी. नेत्रविभाग त्याच आवारात असतो.

हार्ट-लंग मशीनवर मोठी रक्कम खर्च होते, ते योग्यच आहे. पण त्या मशीनशेजारी उभ्या असलेल्या माणसाला दीड मिलिमीटरची धमनी मान न मोडता नीट दिसते का, हा प्रश्नही खरेदी समितीने विचारायला हवा. त्या टाक्यावर कुणाचे तरी पुढचे आयुष्य अवलंबून असते.