रात्री दोनचा सी.टी. स्कॅन आणि गुणवत्तेचा डांगोरा

रात्रीचे दोन वाजलेले असतात. परांचीवरून पडलेला गवंडी किंवा एकाएकी एक अंग लुळे पडलेली मोलकरीण सरकारी दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत आणली जाते. डोक्याचा सी.टी. स्कॅन निघतो. पण तो वाचायचा कुणी? रेडिओलॉजिस्ट घरी असतो, मेंदूविकारतज्ज्ञ त्या गावातच नसतो. स्कॅनसमोर उभा असतो तो सलग ड्युटी करून डोळे लाल झालेला तरुण डॉक्टर. तो जे म्हणेल त्यावर त्या गवंड्याचे आणि त्या मोलकरणीचे पुढचे आयुष्य ठरणार असते. म्हणून हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही. तो आमच्या वस्त्यांचा आहे, असे आम्ही मानतो.

आधी गोष्ट समजून घेऊ. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली तरी अर्धांग जाते आणि रक्तवाहिनी फुटून रक्तस्राव झाला तरी अर्धांग जाते. बाहेरून पाहून या दोहोंतला फरक खात्रीने सांगता येत नाही. तो स्कॅनवर कळतो. ताजे रक्त स्कॅनमध्ये पांढरे दिसते. गुठळीच्या आजारात मात्र पहिल्या काही तासांत स्कॅन जवळजवळ निर्दोष दिसू शकतो. उपचार तर अगदी उलटे. गुठळी असेल तर ती विरघळवणारे औषध द्यायचे, आणि तेही वेळेत. १९९५ साली अमेरिकेतील चाचणीने ही मुदत तीन तास ठरवली, २००८ साली युरोपातील चाचणीने ती साडेचार तासांपर्यंत नेली. परंतु रक्तस्राव झालेला असताना हेच औषध दिले तर तेच विष ठरते. म्हणजे स्कॅनवरचा एक पांढरा ठिपका दिसला की नाही, एवढ्यावर माणूस जगतो किंवा मरतो.

मग हा ठिपका कुणाला किती दिसतो? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९८ साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कॅज्युअल्टीचे ३८ डॉक्टर, २९ न्यूरोलॉजिस्ट आणि ३६ रेडिओलॉजिस्ट, अशा १०३ जणांसमोर मेंदूचे स्कॅन ठेवले गेले. कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांची सरासरी अचूकता निघाली ६७ टक्के. न्यूरोलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट या दोघांचीही ८३ टक्के. इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, बघा, शेवटी तज्ज्ञ तो तज्ज्ञच! पण पुढचे आकडे वाचा. एकही रक्तस्राव न चुकवणारे किती? कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांत १७ टक्के, न्यूरोलॉजिस्टांत ४० टक्के आणि रेडिओलॉजिस्टांत ५२ टक्के. म्हणजे ज्यांचे कामच चित्र वाचण्याचे, त्यांच्यातल्याही जवळजवळ निम्म्यांनी कुठला ना कुठला रक्तस्राव चुकवला होता. अभ्यास जुना आहे, परदेशातला आहे, त्यानंतर यंत्रे पुष्कळ सुधारली हे आम्हास मान्य आहे. पण माणसाचा डोळा तोच आहे आणि त्याची थकण्याची सवयही तीच आहे.

आम्ही हे डॉक्टरांची निंदा करण्यासाठी लिहीत नाही. आम्हास एक साधा प्रश्न विचारायचा आहे. २००६ साली मागासवर्गीयांच्या आरक्षणाविरुद्ध वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हा गळ्यात स्टेथोस्कोप आणि हातात झाडू घेऊन 'गुणवत्ता मेली हो' असा टाहो फोडला गेला. आरक्षणातून आलेल्या डॉक्टरच्या हाती पेशंट मरेल, असा प्रचार आमच्या मुलांनी आजवर सोसला. या गुणवत्तेचे मोजमाप काय? तर एका दिवशी दिलेल्या एका प्रवेशपरीक्षेचे गुण! तेच विद्यार्थी डॉक्टर होऊन रात्री दोन वाजता स्कॅन वाचतात, तेव्हा त्यांनी किती अचूक वाचला हे आमच्या किती रुग्णालयांत मोजले जाते? ज्या गुणवत्तेवर माणसाचा जीव अवलंबून आहे ती मोजायची नाही आणि जिच्यावर फक्त प्रवेश अवलंबून आहे तिचा मात्र डांगोरा पिटायचा, हा कुठला न्याय? सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मध्ये वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की, गुणवत्ता म्हणजे केवळ स्पर्धापरीक्षेचे गुण नव्हेत.

खरी गुणवत्ता कशाने येते, याचेही उत्तर आहे. १९९८ सालीच अमेरिकेत अनेक संस्थांतील कॅज्युअल्टीच्या निवासी डॉक्टरांवर दुसरा एक प्रयोग झाला. त्यांना स्कॅन वाचण्याचा एक ठराविक क्रम शिकवला गेला. आधी रक्त पाहायचे, मग मेंदूच्या तळाशी द्रव साठणाऱ्या जागा, मग खुद्द मेंदू, मग आतल्या पोकळ्या आणि शेवटी कवटीचे हाड. वर्ग केवळ दोन तासांचा. आधी त्यांची अचूकता ६० टक्के होती, तीन महिन्यांनी तपासली तेव्हा ७८ टक्के झाली. दोन तासांत! गुणवत्ता आईच्या पोटातून येत नाही, ती शिकवण्याने येते, हे बहुजन समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही. शाळेचा दरवाजा उघडला तेव्हा काय घडले, ते आम्ही आमच्याच घरात पाहिले आहे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'च्या प्रबंधात दाखवून दिले की, जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. आमच्या इस्पितळांतही हीच उतरंड दिसते. स्कॅन काढणारा टेक्निशियन चित्र सर्वांत आधी पाहतो. पण त्याला विचारतो कोण? ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात टेक्निशियनला संशयास्पद एक्स-रेवर लाल ठिपका लावण्याची मुभा दिली गेली. डॉक्टरने तो ठिपका पाहायचा आणि पुन्हा नीट तपासायचे. त्यात कुणाचा मानभंग झाला नाही. आमच्याकडे खालच्याने बोलायचे नाही आणि वरच्याने ऐकायचे नाही, आणि मधल्या मध्ये पेशंट जातो.

आता यंत्राचा नवा देव आला आहे. मुंबईच्या क्युअर डॉट एआय या कंपनीने सुमारे तीन लाख स्कॅन वापरून तयार केलेल्या संगणकीय पद्धतीचा अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. आमचा त्याला विरोध नाही. शेकडो स्कॅनमधून रक्तस्रावाचा स्कॅन आधी पुढे काढून देणारे यंत्र हवेच. परंतु यंत्र आले म्हणून डॉक्टरची जागा रिकामी ठेवायची, ही सवलत आम्ही सरकारला देणार नाही. चूक झाली तर यंत्राला जाब विचारता येत नाही.

आणि जाब विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. ८ जुलै १९९२ रोजी पश्चिम बंगालमध्ये एक शेतमजूर रेल्वेतून पडला. डोक्याला मार लागून मेंदूत रक्तस्राव झाला. रात्रभर त्याला कोलकात्यातील एका सरकारी इस्पितळातून दुसऱ्यात फिरवले गेले. कुठे खाट नाही, कुठे सोय नाही. सी.टी. स्कॅनदेखील पैसे मोजून बाहेर काढावा लागला. शेवटी खाजगी इस्पितळात सुमारे १७ हजार रुपये खर्चून तो वाचला. शेतमजुरांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ साली न्यायालयाने निकाल दिला की, तातडीचे उपचार नाकारणे म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याचा हक्क नाकारणे होय. पैसे नाहीत ही सबब सरकारला सांगता येणार नाही, असेही बजावले. मजूर संघटित होता म्हणून हा निकाल सर्वांच्या पदरी पडला, हे विसरू नका.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. कॅज्युअल्टीत काम करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला स्कॅन वाचण्याचे शिक्षण द्या आणि दर वर्षी त्याची तपासणी करा. रात्री पहिले वाचन कुणी केले, किती वाजता केले, हे सहीनिशी नोंदवा. ठरलेल्या तासांत तज्ज्ञाने तोच स्कॅन पुन्हा वाचावा, तो इस्पितळात असो वा दूर संगणकासमोर. दोघांचे वाचन वेगळे निघाले तर नातेवाइकांना तत्काळ कळवा आणि अशा फरकांची वही ठेवा. ती डॉक्टरला फासावर देण्यासाठी नको, पुढच्या पेशंटला वाचवण्यासाठी हवी.

आणि समाजबांधवांनो, आपणही गप्प बसू नका. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागणी केल्यास ७२ तासांत उपचाराची कागदपत्रे मिळाली पाहिजेत. स्कॅनची प्रत मागा, लेखी रिपोर्ट मागा, त्यावर कुणाची सही आहे ते पाहा. बाबासाहेबांनी आपल्याला वाचायला सांगितले, ते यासाठीही. आपल्या माणसाच्या डोक्यात काय चालले आहे ते कुणी वाचले, हे विचारण्याइतके तरी आपण शिकलो आहोत.